मंदीवाले मावसाजी

लक्ष्मी दारात येऊन उभी राहिली तर तुम्ही काय कराल? पाट मांडाल, ओवाळाल, आत ये म्हणाल. माझे मावसाजी तिला आधी विचारतील, "परत कधी जाणार हाय?" सातपुड्यापासून अजिंठ्याच्या डोंगरापर्यंत पसरलेल्या आमच्या वऱ्हाडात, कोणतीही वस्तू वर जाते आणि वरच राहते यावर काडीइतकाही विश्वास नसलेला हा एकच गृहस्थ आहे, असे मी छातीवर हात ठेवून सांगतो. वऱ्हाड मध्यप्रांताला जोडले आणि आमचा कारभार नागपूरहून चालू लागला, तेव्हा मावसाजींना नुकतेच मिसरूड फुटत होते. गावातले वडीलधारे म्हणाले, आता आपले दिवस पालटणार. मावसाजी म्हणाले, "पालटतीन, पण कोनत्या कुशीवर?" पुढे खामगावाहून घाट चढून बुलढाण्याला जाणारी सर्व्हिस मोटार सुरू झाली, तेव्हा सारे गाव हार आणि नारळ घेऊन तिला पाहायला लोटले. मावसाजीही गेले. मोटार धापा टाकत घाट चढून गेल्याची बातमी आली तेव्हा टाळ्या झाल्या, आणि टाळ्या थांबल्यावर यांचा आवाज ऐकू आला, "चढली खरी. उतरू द्या." त्या मोटारीने ते आजही जातात, पण बसतात दाराजवळच्या जागेवर, एक पाय बाहेरच्या पायरीवर ठेवून. मी मॅट्रिकला वरच्या वर्गात पास झालो तेव्हा मावशीने माझ्या हातावर पेढा ठेवला, आणि मावसाजींनी खांद्यावर हात ठेवला. "सांभाळ बापू. वरून पडलेलं जास्त लागते."

मावसाजी कापसाच्या वायद्यात मंदी करीत. त्यांच्यासारख्या माणसाने दुसरे काय करावे? खामगावात कापसाच्या दिवसांत सरकी काढायच्या जिनाचा भोंगा झाला की गाड्यांची रांग हलू लागते, आणि ज्या गल्लीत एक बोंडही दिसत नाही त्या वायद्याच्या गल्लीत त्याहून मोठा बाजार भरतो. मुंबईच्या भावाची तार आली की तिथली माणसे अशी धावतात, की नवख्याला वाटावे कुठे आग लागली. या गल्लीविषयी माझे मत मी लपवून ठेवलेले नाही. ज्याने नांगर धरला नाही त्याने कापसाच्या भावावर पैज लावावी हे मला तेव्हाही पाप वाटत होते आणि आजही वाटते. मावसाजींनी माझे हे मत बदलले नाही. फक्त अवघड करून ठेवले.

मंदी म्हणजे काय, हे मला त्यांनी आंब्यांवरून शिकवले. शेजारच्या काकूंना त्यांनी एकदा फाल्गुनातच आंब्यांची पाटी विकली. पाटी ज्येष्ठात पोचवायची, भाव मात्र आज ठरलेला. झाडांना तेव्हा नुसता मोहोर होता आणि मावसाजींच्या मालकीचे आंब्याचे एक रोपटेही नव्हते. जवळ नसलेला माल त्यांनी विकला होता. त्यांचा हिशेब असा, की औंदा बहर दांडगा आहे. ज्येष्ठात आंबा मातीमोल होईल. तेव्हा स्वस्त घेऊन काकूंना देऊ आणि मधला फरक आपला. हीच मंदी. पण चैत्रात असे वावधन सुटले, की मोहोर आणि कैऱ्या रस्त्यावर सडा घातल्यासारख्या पडल्या. मावसाजी टोपीही न घालता घराबाहेर पडले, आणि किती नुकसान झाले हे गावाला कळायच्या आत एका बागवानाकडे चढ्या भावाने पाटी ठरवून परत आले. तोटा झालाच. मावशी म्हणाली, "थोडं थांबले असते त काय बिघडलं असतं?"

"थांबलो असतो त काकूले आंब्याच्या जागी घर द्या लागलं असतं," मावसाजी म्हणाले, आणि माझ्याकडे वळले. "पाह्य बापू, तेजीवाला माल घेते. भाव पडून पडून किती पडन? मातीलोक. त्याच्या तोट्याले जमीन हाय. मंदीवाल्याच्या तोट्याले आभाळ हाय, अन् आभाळाले छत नाई. म्हणून मंदीवाल्यानं भित्रं असावं. शूर मंदीवाला म्या एकच पाह्यला. तो आता बऱ्हानपुरात पानपट्टी चालवते."

या भित्रेपणाचे त्यांनी शास्त्र केले होते. सौदा करण्याआधी तो कुठे सोडायचा हे ते ठरवीत. भाव आपल्या विरुद्ध इथपर्यंत चढला, की तोटा सोसायचा आणि मोकळे व्हायचे. याला ते सौदा कापणे म्हणत, आणि त्या रेषेला हद्द. गंमत अशी, की ही हद्द ते दलालाला सांगत नसत; मावशीला सांगत. कारण विचारले तर म्हणत, "हद्दीपाशी पोचल्यावर माणसाची अक्कल पातळ होते. उद्या उतरन, परवा उतरन, असं वाटत राह्यते. आपल्यावर आपला भरोसा ठेवू नाई." मावशीला वायद्यातले ओ की ठो कळत नसे. पण तारेचा भाव गल्लीतून घरोघर पोचेच. तो हद्दीला लागला की ती चुलीवरचे चहाचे आधण उतरवून ठेवी, आणि सौदा कापून आल्याशिवाय या घरात चहा मिळत नसे. चहावाचून मावसाजी म्हणजे तेलावाचून गाडीचे चाक. कुरकुरत, कपाळाला हात लावत ते गल्लीकडे जात आणि कापून येत. मुंबईच्या मोठमोठ्या पेढ्या कशा बुडाल्या याच्या गोष्टी ते रंगवून सांगत, आणि शेवटी प्रत्येक पेढीच्या मृत्यूचे कारण एकच देत: "त्याहिच्या घरी तुह्या मावशीसारखी बाई नव्हती."

दुसरा नियम असा, की आपल्या वावरात जेवढा कापूस येईल तेवढ्याच मापाची मंदी करायची. सगळे दोर तुटले आणि माल द्यायची वेळच आली, तर घरचा कापूस गाडीत घालून देता यावा. लोक यावर हसत. दसपट मंदी करणारे शूर पुरुष रेशमी फेटे बांधून त्यांच्यापुढून जात, आणि एके दिवशी त्यांचे फेटे दिसेनासे होत. तिसरा नियम, रागाने मंदी करायची नाही. एखाद्या तेजीवाल्याने अपमान केला तर मावसाजी आठ-पंधरा दिवस गल्लीत पाऊल टाकीत नसत. "राग अन् मंदी एका हातात धरली की हातच जाते."

याशिवाय ते तेजी लावून ठेवीत. म्हणजे असे, की थोडे पैसे आधी देऊन एक हक्क विकत घ्यायचा: भाव भडकलाच तर ठरल्या दराने माल मला मिळावा. भाव पडला तर ते थोडे पैसे पाण्यात गेले. "पाण्यात नाई, झोपेत गेले," ते म्हणत. "मी निजलो न रात्री?" हा स्वभाव बाजारापुरता राहिला असता तर मावशीने काही म्हटले नसते. पण ते देवळात जाताना चपलांचे दोन जोड नेत. एक पायात, एक पिशवीत. पायातला चोरीला गेला तर पिशवीतला आहे, आणि पिशवी गेली तर पायातला आहे. एकदा दोन्ही गेले. अनवाणी घरी येताना त्यांचा चेहरा मी पाहिला आहे. चपला गेल्याचे दुःख त्यावर नव्हते, शास्त्रात भोक सापडल्याचे होते.

आणि मुदतीच्या तोंडापर्यंत ते कधी थांबत नसत. वायद्याची मिती जवळ आली की तेजीवाले एकत्र येऊन सगळ्या गाठी आपल्या गोदामात कोंडतात. मंदीवाल्याला माल तर द्यायचा असतो, पण मिळत कुठेच नाही. मग तेजीवाला सांगेल तो भाव. या कोंडीची मावसाजींना इतकी धास्ती, की कोणत्याही गोष्टीच्या शेवटापर्यंत थांबणे त्यांना जमेनासे झाले. कीर्तनातून ते आरतीच्या आधी उठत. जेवणावळीत ताकाची वाट पाहत नसत. माझ्या मुंजीत त्यांनी भिक्षावळ आदल्या दिवशीच माझ्या झोळीत टाकली होती.

माझे पहिले पत्रक सट्ट्याविरुद्ध होते. वर्गणी जमवून गुलाबी कागदावर छापले आणि आम्ही तिघाचौघांनी ते बाजाराच्या दिवशी वाटले. त्यात मी सटोडियांना रक्तपिपासू जळवा म्हटले होते. संध्याकाळी मावशीकडे गेलो तर मावसाजी ओट्यावर चष्मा लावून तेच वाचीत बसले होते. मला वाटले, आज नाते तुटते.

"काऊन बे," ते म्हणाले, "यात मंदीवाल्याले पाच शिव्या अन् तेजीवाल्याले दोनच? तेजीवाल्यानं तुले चहा पाजला का?"

"मावसाजी, तुम्ही भाव पडावा म्हणून देव पाण्यात घालता. भाव पडला की कास्तकार मरतो."

"म्या घातल्यानं पडत असता, त म्या आजलोक जिनाचा मालक नसतो झालो? भाव पडणारच असते. म्या फक्त आधी सांगतो. अन् लोक काय म्हणतात, यानंच पाडला." त्यांनी चष्मा काढला. "लेहनं चांगलं हाय तुह्यं. पण बापू, बाजार पत्रक वाचत नाई. शाई लय लावली पोरांनी, हात काळे झाले माह्ये."

त्यांना एकुलती एक मुलगी. तिच्या आधीची दोन लेकरे पाळण्यातच गेली होती. म्हणून जुन्या रीतीप्रमाणे हिला जन्मल्याबरोबर केरात ठेवून उचलले आणि नाव ठेवले धोंडी. देवाला वाटावे की माल हलका आहे, न्यायच्या लायकीचा नाही. मावशी हे सांगताना डोळ्यांना पदर लावते. मावसाजी पदर लावीत नाहीत, पण मुलीची स्तुती त्यांनी उभ्या जन्मात कधी केली नाही. तिने भाकरी केली तर "करपली नाई, एवढंच," आणि मराठी सातवी पास झाली तर "पेपर सोपे असतीन." धोंडी हसायची. बाप आपल्याला किती जपतो, हे तिला त्या नावे ठेवण्यावरून बरोबर कळत असे.

तिचे लग्न ठरले घाटावरच्या एका पाटलाच्या मुलाशी. पाटील मोठे जमीनवाले, खामगावच्या बाजारात गाड्या आणणारे आणि वायद्यात कट्टर तेजीवाले. मुलगा अमरावतीला कॉलेजात माझ्याबरोबर होता. गुलाबी पत्रक वाटणाऱ्या तिघाचौघांत तोही एक होता, आणि त्यानेच धोंडीला आमच्या मावशीच्या ओट्यावर पाहिले होते. दोघांचे बोलणे झाले असेल नसेल. पण त्याच्या घरून मागणीची चिठ्ठी आली तेव्हा धोंडी स्वयंपाकघरात जाऊन उगीचच भांडी घासू लागली, घासलेली भांडी. मावसाजींनी ते पाहिले आणि स्थळाला होकार दिला.

बैठक झाली. आमच्याकडे कापसाचा भाव चारचौघांत बोलत नाहीत. उपरण्याखाली हातात हात घालायचा आणि बोटे दाबून आकडा सांगायचा. भोवती शंभर माणसे असली तरी दोघांशिवाय कोणाला कळत नाही. लग्नाच्या बैठकीतही हुंडा तसाच ठरतो. जी गोष्ट बोलायला लाज वाटते ती करायला वाटत नाही, हा आमच्या प्रतिष्ठित घरांचा धर्म. मी मावसाजींशी कडकडून भांडलो. हुंडा देणारा घेणाऱ्याइतकाच दोषी, असे तोंडावर सांगितले. ते रागावले नाहीत. म्हणाले, "खरं हाय. पण पोरगी भांडे घासून राह्यली होती, तुवा पाह्यलं ना?"

मग त्यांनी मला ओट्यावर बसवून, कापसाच्या गाठीविषयी बोलावे तितक्या शांतपणे, त्या लग्नाची तपासणी केली. "लग्नात पोरीचा बाप मंदीवाला असते, बापू. मुदत भटजीनं ठरवली, ती मांगंपुढं होत नाई. नवरदेव दुसऱ्याच्या गोदामात. मांडव पडला, पाहुणे आले, की कोंडी पक्की. तिथं तेजीवाला म्हणन तो भाव. जन्मभर ज्या सौद्यापासून दूर पळालो, त्यात पाय घालून राह्यलो." आणि कोंडी होणार हे गृहीत धरून ते तयारीला लागले. मांडव अर्धाच घातला. उरलेला अर्धा सीमांतपूजन झाल्यावर घालू म्हणाले. आचाऱ्याला वरणभाताची परवानगी दिली, पण बुंदीची कढई मात्र आपण सांगू तेव्हाच चढवायची. वाजंत्रीवाल्यांना म्हणाले, सध्या सनई वाजवा, ढोल उद्या. मावशी रडकुंडीला आली. "लोक काय म्हणतीन? पोरीचं लगन हाय का बारसं?" शेवटी त्यांनी धोंडीला बोलावले. मावशीला सांगायची हद्द त्यांनी या एका सौद्यात मुलीला विचारली. धोंडी खाली मान घालून म्हणाली, "ठरलं ते ठरलं, बाबा. त्याच्यावर एक पैसा मांगतला, त मले त्या घरी नाई जाऊ द्यायचं."

त्याच हंगामात, लग्नाआधी पौषात, कापसाचा भाव पडला होता. पाटलांनी गाठींवर गाठी घेतल्या होत्या. ते सपशेल आपटले. मावसाजींची मंदी नेहमीच्याच मापाची, म्हणजे वावरापुरती. पाटलाचा तोटा काही यांच्या खिशात आला नव्हता. पण बुडालेल्या माणसाला समोर मंदीवाला दिसला की आपला पैसा त्याच्याच अंगावर चमकताना दिसतो. फाल्गुनात वऱ्हाड आले. मारुतीच्या देवळात सीमांतपूजन सुरू झाले. मावसाजींनी नवरदेवाचे पाय धुतले, टिळा लावला, शेला दिला. आणि मग पाटलांनी हसत हसत आपले उपरणे काढले, मावसाजींच्या हातावर टाकले आणि त्याखाली आपला हात घातला.

सनई चालू होती. बायका आपसात बोलत होत्या. मी मावसाजींच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. पाटलांची बोटे उपरण्याखाली हलली, थांबली, पुन्हा हलली. मावसाजींनी विचारले, "हे कायचं?"

"व्याही, हंगाम पाह्यला ना तुमी? तुमचाच त हंगाम होता. एवढं त तुमाले जड नाई."

मावसाजींनी नवरदेवाकडे पाहिले. मीही पाहिले. त्याला सारे कळले होते. उपरण्याखालचा आकडा कळला नसला तरी उपरणे दिसत होते. ज्याने माझ्याबरोबर चौकात उभे राहून सट्ट्याविरुद्ध घोषणा दिल्या, तो माझा मित्र मुंडावळ्यांआडून आपल्या पायांच्या अंगठ्यांकडे बघत राहिला. "आत विचारून येतो," म्हणून मावसाजी उठले. घर देवळाला लागूनच होते. मी त्यांच्यामागून गेलो.

मावशीला त्यांनी एका शब्दात सांगितले. "देऊन टाका," ती म्हणाली. "वावर टाका गहाण. आजच्या दिवस हद्द सोडा हो. मांडवातून वरात परत गेली त पोरीचं काय होईन?"

"तूच त चहा बंद करत होती," मावसाजी म्हणाले. आवाजात राग नव्हता.

"ते कापसाचं होतं!"

धोंडी पिवळी अष्टपुत्री नेसून पाटावर बसली होती. हातांना हळद होती. तिने सगळे ऐकले होते. मावसाजी तिच्यापुढे उकिडवे बसले, आणि ज्या माणसाने कधी कोणाला दुसऱ्यांदा विचारले नाही त्याने विचारले, "धोंडे, हद्दीवर आलं. तुवा सांगतलेलं बदलायचं असन, त आताच सांग. वावर गेलं त जाऊ दे. म्या काही म्हणणार नाई."

"ते काय म्हणून राह्यले?" तिने विचारले. ते म्हणजे कोण, हे आम्हा सर्वांना कळले.

मावसाजींना खोटे बोलता आले असते. "खाली पाहून राह्यले," ते म्हणाले.

धोंडीने हळदीचे हात अष्टपुत्रीला पुसले. मग म्हणाली, "मंग कापा, बाबा."

ते देवळात परतले. पाटलांनी उपरणे पुन्हा पुढे केले. मावसाजींनी ते त्यांच्या हातातून घेतले, झटकले, नीट घडी घातली आणि त्यांच्या मांडीवर ठेवले. मग इतक्या मोठ्याने बोलले की सनईवाला थांबला. "पाटील, तुमी जे बोटानं मांगतलं ते म्या तोंडानं बोलत नाई, तुमची इज्जत तुमच्यापाशी. आपला सौदा कापला. भात तयार हाय. जेवून जा." कोणीही जेवले नाही. पाटील उठले, वऱ्हाड उठले, नवरदेवही उठला. वरणभात जिनातल्या हमालांनी आणि त्यांच्या बायकापोरांनी खाल्ला. बुंदीची कढई चढलीच नव्हती. गावाने तेवढ्यातही हसून घेतले: मंदीवाल्याने लेकीच्या लग्नातही तोटा कमीच केला!

दुसऱ्या दिवशी लोक ओट्यावर आले आणि शाबास म्हणून गेले. वकील आले, मास्तर आले. मी एक पत्रक लिहिले, त्याचे फार कौतुक झाले. पण कौतुक करणाऱ्यांपैकी एकानेही धोंडीसाठी स्थळ आणले नाही. पाहता पाहता त्या घराची बोलावणी बंद झाली. बारशाला नाही, डोहाळजेवणाला नाही. मांडवातून वरात परत गेलेली मुलगी ज्या घरात आहे, तिथले कुंकू लावून घ्यायला बायका भिऊ लागल्या. धोंडी आता मुलींच्या शाळेत शिकवते. ज्यांच्या मुलींना ती मुळाक्षरे गिरवायला शिकवते त्या आया शाळेच्या फाटकाशी तिला "बाई, बाई" म्हणतात आणि गल्लीत दिसली की रस्त्याच्या पलीकडे होतात. ज्या समाजाला आपला पराक्रम टाळ्या वाजवण्यापुरताच हवा असतो त्याचा मला संताप येतो. धोंडीला येत नाही. "तुमच्या पत्रकानं त्या जास्तच भेतीन, दादा," एवढेच ती म्हणते.

दर संक्रांतीला मावशी हळदीकुंकवाचे तबक मांडते. तिळगूळ वळते, वाण आणते, सतरंजी झटकून अंथरते. मावसाजींनी वायद्याची गल्ली कधीच सोडली. ते दुपारपासून धुतलेला सदरा घालून ओट्यावर बसतात आणि रस्त्याकडे पाहतात. गेल्या साली मी जवळ जाऊन बसलो. रस्त्याने बायकांचे घोळके जात होते. आमच्या दाराशी आले की बोलणे बारीक होई आणि पावले भराभर पडत.

"मावसाजी, भाव काय म्हणतो?" मी थट्टेने विचारले.

"येतीन," ते म्हणाले. "चढन, बापू. टाइम लागते."

आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्या तोंडून चढण्याची भाषा ऐकली. विचारले, "हद्द कुठे ठेवली?"

त्यांनी सदऱ्याची बाही सारखी केली. "याले नाई लावली," म्हणाले.

दिवे लागायच्या सुमारास एक बाई मागच्या दाराने आली. धोंडीच्या वर्गातल्या कोणा मुलीची आई. तिने उभ्या उभ्या कुंकू लावून घेतले, तिळगूळ पदरात टाकला आणि कोणी पाहण्याआधी निघून गेली. मावशी तबक हातात घेऊनच आतून सांगायला आली. मावसाजींनी माझ्या गुडघ्यावर थाप मारली. "पाह्य," ते म्हणाले, "हलला का नाई?" आणि पुन्हा रस्त्याकडे पाहू लागले.

वाचकहो, संक्रांत जवळ आली आहे. असे एक घर तुमच्याही गल्लीत असेल. कुठे वरात परत गेलेली असेल, कुठे आणखी काही असेल. पत्रके पुष्कळ वाचलीत. या वर्षी तिथे जा. घरातल्या बायकांना घेऊन जा, आणि एवढे मात्र करा: पुढच्या दाराने जा, ओट्यावर कोणी बसले असेल त्याला रामराम करा, आणि आत जाऊन थोडे बसा. लगेच उठू नका.